न मोजलेल्या तासांचा इतिहास

पोलादपूर तालुक्यात, सह्याद्रीच्या माथ्याशी, कुडपण नावाचे गाव आहे. रायगड, सातारा आणि रत्नागिरी या तीन जिल्ह्यांच्या सीमा त्याच्या आसपास येऊन भिडतात. आज पावसाळ्यात लोक तेथे धबधबे आणि 'भीमाची काठी' हा सुळका पाहायला जातात. माझ्या घरात मात्र कुडपणचे नाव वेगळ्याच कारणाने घेतले जाई. काम संपता संपेना, अंगातले त्राण गेले, की माझी आजी म्हणायची, "आज कुडपण झालं बघ."

माझा आजा घाटाच्या पायथ्याच्या एका गावात वेसकर होता. कचेरीचा हुकूम आला, साहेबाचे सामान आले, वरच्या गावाला सांगावा पोचवायचा झाला, की काठी घेऊन त्याने निघायचे. पाऊस आहे की रात्र आहे, घरात कोणी आजारी आहे की काय, हा प्रश्न नव्हता. कुडपणची वाट चढायची, सांगावा द्यायचा, पोच घ्यायची आणि परत यायचे. आला की दुसरे काम दारात उभे असायचे. या खेपेला किती तास लागले, हे त्याला आयुष्यात कोणी विचारले नाही. विचारण्याचे कारणच नव्हते. त्याच्या तासाला दाम नव्हता, म्हणून त्याच्या तासाला मोजमापही नव्हते.

मी या लेखात जादा कामाच्या मोबदल्याविषयी, म्हणजे ज्याला आपण 'ओव्हरटाइम' किंवा नुसते 'ओटी' म्हणतो त्याविषयी, लिहिणार आहे. हा विषय हिशेबनिसाचा आहे, त्यात सामाजिक विचार तो काय असणार, असे समजून आपण तो बाजूला ठेवतो. माझे म्हणणे याच्या उलट आहे. ओव्हरटाइमचा नियम म्हणजे दिवसाला घातलेली हद्द आहे. माणसाचा दिवस कोठेतरी संपतो, आणि त्यानंतरचा वेळ त्याचा स्वतःचा असतो, ही कबुली त्या नियमात आहे. ज्या समाजाचा दिवस शतकानुशतके दुसऱ्याच्या मालकीचा होता, त्या समाजाने हा नियम हिशेबनिसावर सोडून चालणार नाही.

१

महारकीला 'वतन' म्हणत आणि महाराला 'वतनदार'. पाटील वतनदार, कुलकर्णी वतनदार आणि महारही वतनदार! शब्द एकच, पण एकाच्या वाट्याला मान आणि जमीन, दुसऱ्याच्या वाट्याला काठी. १८७४ च्या मुंबई इलाख्याच्या वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्याने ब्रिटिश सरकारने ही जुनी व्यवस्था कागदावर पक्की केली. महार सरकारचा नोकर ठरला, पण त्याचा पगार तिजोरीतून यायचा नव्हता. कोठे इनाम जमिनीचा तुकडा, कोठे बलुते, कोठे किरकोळ रोख. आमच्या घराला जमीन नव्हती. सुगीला खळ्यावरून मिळतील त्या पेंढ्या आणि दारोदार मागितलेली भाकर, एवढाच मोबदला. तोही देणाऱ्याच्या मर्जीवर.

बाबासाहेबांनी या दुखण्यावर नेमके बोट ठेवले. १९ मार्च १९२८ रोजी त्यांनी मुंबई कायदे कौन्सिलात १८७४ च्या कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक मांडले आणि ३ ऑगस्ट १९२८ रोजी त्यावर विस्तृत भाषण केले. महार कोणत्या एका खात्याचा नोकर नाही, तो साऱ्या खात्यांचा नोकर आहे. दिवसाच्या आणि रात्रीच्या कोणत्याही प्रहरी त्याला बोलावता येते. आणि एकाच्या मोबदल्यात त्याचे सगळे घर राबवले जाते, हा त्यांच्या मांडणीचा गाभा होता. मोबदला निश्चित करा, किंवा ज्याला हे वतन सोडायचे आहे त्याला सोडू द्या, अशी ती मागणी होती. विधेयक निवड समितीकडे गेले, तेथे त्याचे स्वरूप बदलले आणि १९२९ मध्ये ते मागे घ्यावे लागले. महारकी कायद्याने संपली ती १९५८ च्या कनिष्ठ ग्रामवतन निर्मूलन कायद्याने, म्हणजे आणखी तीस वर्षांनी.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. आपल्याकडे महाडचा संग्राम म्हटले की पाणी आठवते. ते योग्यच आहे. २० मार्च १९२७ ला चवदार तळ्यावर जे घडले त्याने इतिहास बदलला. पण त्याच परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस आणि शिळे तुकडे सोडा, असेही बजावले होते. तुकडा सोडायचा म्हणजे ज्या कामाच्या बदल्यात तुकडा मिळतो ते कामही सोडायचे. पाण्याचा हक्क आणि श्रमाचा दाम या एकाच लढ्याच्या दोन बाजू होत्या. पुढल्याच वर्षी आलेले वतनाचे विधेयक हे महाडच्या तळ्याचेच पुढले पाऊल होते, असे मी मानतो.

माझ्या आज्याने त्या परिषदेनंतर लगेच काठी टाकली, असे सांगायला मला आवडले असते. तसे झाले नाही. पोटाला दुसरे काही नव्हते. माझा बा मुंबईला गेला, गिरणीतून मनिऑर्डर येऊ लागली, तेव्हा कोठे काठी कोनाड्यात गेली. वतन सोडायलाही आधी पगार लागतो.

२

महारकीचे काम घराघरांत वर्षावर्षाने फिरायचे. त्याला 'पाळी' म्हणत. आज्याची पाळी वर्षभराची होती. बा गिरणीत गेला तेव्हा त्यालाही 'पाळी'च मिळाली, पण ती भोंग्याला सुरू होई आणि भोंग्याला संपे. एकाच शब्दाच्या या दोन अर्थांमध्ये आपल्या समाजाचा अर्धा शतकाचा प्रवास आहे.

ही दुसरी पाळी मालकांनी दया म्हणून दिली नाही. १८८१ च्या पहिल्या कारखाना कायद्याने लहान मुलांचे तास तेवढे नऊवर आणले. मोठ्यांच्या दिवसाला हद्दच नव्हती. महात्मा फुल्यांचे सहकारी आणि 'दीनबंधु'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन दिले. रविवारची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सूर्यास्ताला काम बंद आणि वेळेवर पगार, अशा त्या साध्या मागण्या होत्या. रविवारची सुट्टी मिळायला १८९० साल उजाडले. १९०५ च्या सुमारास मुंबईच्या गिरण्यांत विजेचे दिवे आले, तेव्हा सूर्यास्ताचीही हद्द गेली आणि दिवस चौदा-पंधरा तासांवर गेला. नवा दिवा प्रत्येकाच्या आयुष्यात उजेडच आणतो असे नाही!

१९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांत पुरुषांचा दिवस बारा तासांवर आला. १९१९ मध्ये वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय मजूर परिषद भरली आणि आठवड्याला ४८ तासांचा करार झाला. त्यात हिंदुस्थानसाठी वेगळे कलम होते. येथल्या कामगाराला ६० तास. त्याप्रमाणे १९२२ मध्ये आठवड्याला ६० आणि दिवसाला ११, १९३४ मध्ये बारमाही कारखान्यांसाठी ५४ आणि १०, असे तास उतरत गेले. जादा कामाचा दर कोठे सव्वापट, कोठे दीडपट असा होता.

१९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले. १९४६ मध्ये त्यांनीच मांडलेल्या कारखाना कायद्याच्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यांत आठवड्याला ४८ तास आणि दिवसाला ९ तास अशी मर्यादा घातली आणि जादा कामाला सरसकट दुप्पट दर ठरवला. आपण भाषणांतून 'बाबासाहेबांनी आठ तासांचा दिवस दिला' असे म्हणतो. काटेकोर बोलायचे तर त्यांनी अठ्ठेचाळीस तासांचा आठवडा दिला. सहा दिवसांनी भागले की आठ येतात. पण माझ्या मते आठापेक्षाही 'दुप्पट' हा शब्द अधिक महत्त्वाचा आहे. हीच तत्त्वे १९४८ च्या कारखाना कायद्यात आली.

दुप्पट कशासाठी? ती कामगाराला दिलेली बक्षिसी नव्हे. तो मालकाला घातलेला लगाम आहे. एक हिशेब करून पाहू. महिन्याला २,०८० रुपये पगार, २६ दिवस, रोज ८ तास. म्हणजे २०८ तास, तासाला दहा रुपये. जादा तासाला वीस. आता मालकापुढे दोन वाटा राहतात: याच माणसाला वीस रुपयांनी राबवायचे, की दारात उभ्या असलेल्या बदलीवाल्याला दहा रुपयांनी कामावर घ्यायचे? दुप्पट दर दुसऱ्या वाटेला स्वस्त करतो. म्हणून जो जादा तास फुकट काढून घेतला जातो, तो एकाच्या घरातून विश्रांती चोरतो आणि दुसऱ्याच्या घरातून नोकरी. आपल्या वस्त्यांत बेकार तरुण किती आहेत हे ज्याला ठाऊक आहे, त्याला हे वेगळे सांगायला नको.

अर्थात, भोंगा सर्वांना सारखा वाजत होता म्हणून गिरणीत समता होती असे नाही. माझा बा थ्रॉसल खात्यात होता. जादा पगाराच्या विणखात्यात त्याला शिरकाव नव्हता. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि अस्पृश्याच्या ओठांचा विटाळ स्पृश्य कामगाराला चालत नसे. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला होता. घड्याळ जात पाहत नाही, पण घड्याळाखालची माणसे पाहतात. तरीही बा म्हणायचा, "भोंगा झाला की मी माझा." हे वाक्य माझ्या आज्याला कधीही म्हणता आले नव्हते.

३

मी शिकलो. महाडच्या औद्योगिक वसाहतीतील एका रासायनिक कारखान्यात १९९० च्या सुमारास लागलो आणि दोन वर्षांत शिफ्ट सुपरवायझर झालो. आमच्या वाडीतला पहिला. आईने गल्लीत साखर वाटली. मलाही वाटले, आता आपण हाताखालचे राहिलो नाही.

काम मात्र तेच होते. व्हॉल्व्ह मी फिरवायचो, पिंपे मी ढकलायचो, तापमानाच्या नोंदी मी करायचो. माझ्या हाताखाली दोन ऑपरेटर होते. त्यांना रजा देण्याचा किंवा ताकीद देण्याचा अधिकार मला नव्हता. पुढच्या पाळीचा माणूस आला नाही की प्रक्रिया चालू ठेवून मला जाता येत नसे. आठाचे सोळा तास होत. ऑपरेटरलाही थांबावे लागे, पण महिन्याच्या शेवटी त्याच्या पगारपत्रकावर 'ओटी'चा रकाना भरलेला असे आणि माझ्या पत्रकावर तो रकानाच नसे. काही महिने तर त्याने माझ्यापेक्षा जास्त रक्कम घरी नेली.

मी एकदा विचारले. उत्तर गोड होते. "तुम्ही आता कामगार नाही, तुम्ही स्टाफ. स्टाफने तास मोजायचे नसतात."

खरे सांगतो, मला राग आला नाही. मला थोडा अभिमानच वाटला. आणि दुसरीही एक गोष्ट होती. तास मोजले तर 'यांना काम नको, नुसती खुर्ची पाहिजे' असे म्हणायला लोक टपलेले असतात, हे आपल्यातल्या प्रत्येक नोकरदाराला माहीत आहे. म्हणून इतर जे दोन तास थांबतात तेथे आपण चार तास थांबतो. मीही थांबलो.

घरी बाला हे सांगितले. तो तेव्हा म्हातारा झाला होता. थोडा वेळ गप्प बसून म्हणाला, "तुझ्या आज्याला पण हेच सांगायचे. तू मजूर नाहीस, वतनदार आहेस. वतनदारानं दाम मागायचा नसतो."

हे वाक्य ऐकले आणि माझ्या डोळ्यांवरची झापड उडाली. हुद्द्याचे नाव मोठे करायचे आणि त्या नावाखाली तास मोजणे बंद करायचे, ही युक्ती किती जुनी आहे! आज्याच्या हातात काठी दिली, माझ्या हातात किल्ल्यांचा जुडगा. दोघांनाही मान दिला आणि दोघांच्याही दिवसाची हद्द पुसली.

४

कायद्यात ही फट कोठे आहे, हे कार्यकर्त्यांनी नीट समजून घेतले पाहिजे. १९४८ च्या कारखाना कायद्याने राज्य सरकारला मुभा दिली होती की देखरेखीचे, व्यवस्थापनाचे किंवा गोपनीय कामाचे पद कोणते हे नियमांनी ठरवावे. अशा पदावरील माणसाला तासांचे प्रकरण लागू होत नसे, ठराविक पगारमर्यादेच्या आत असला तर जादा कामाचे वेतन तेवढे मिळे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात देखरेख करणाऱ्याला 'कामगार' म्हणायचे की नाही हे पगाराच्या आकड्यावर ठरे. ही मर्यादा १९५६ च्या दुरुस्तीने ५०० रुपये, १९८२ च्या दुरुस्तीने १,६०० आणि २०१० मध्ये १०,००० झाली. पगार चार रुपयांनी वाढवून त्या रेषेपलीकडे ढकलले की माणूस कामगार उरत नाही.

पण न्यायालयांनी एक कसोटी दिलेली आहे. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या सीबा गायगी कंपनीच्या एका कर्मचाऱ्याच्या प्रकरणात सांगितले की हुद्द्याचे नाव निर्णायक नाही. माणसाचे मुख्य काम काय हे पाहिले पाहिजे. म्हणजे स्वतः व्हॉल्व्ह फिरवणारा, कोणाची रजा मंजूर न करणारा 'सुपरवायझर' केवळ नावामुळे सुपरवायझर ठरत नाही. हा निकाल मी कारखान्यात लागण्याच्या आधीचा आहे. मला तो कोणी सांगितला नाही आणि मीही शोधला नाही. शिक्षक वाचकांना हेही माहीत असावे की १९८८ मध्ये गोव्यातील एका शिक्षिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने शिक्षक हा औद्योगिक विवाद कायद्यातील 'कामगार' नाही असा निर्णय दिला. काम थोर, म्हणून कामगाराचे संरक्षण नाही. पुन्हा तीच मानाची भाषा!

हे केवळ आपल्याकडे घडते असेही नाही. अमेरिकेत १९३८ च्या कायद्याने जादा कामाला दीडपट दर ठरवला, पण व्यवस्थापकीय, प्रशासकीय आणि व्यावसायिक पदे वरच्या बाजूने वगळली, तर शेतमजूर आणि घरकामगार खालच्या बाजूने वगळले. दक्षिणेकडील काळे लोक तेव्हा मोठ्या संख्येने याच दोन कामांत होते. कायदा रंगाचे नाव घेत नाही. तो फक्त कामाचे नाव घेतो. आपल्याकडेही घरकाम करणारी बाई, झाडूवाली, शेतमजूर यांचे तास कोणत्या मस्टरवर लिहिले जातात? वरून 'मान' आणि खालून 'हलके काम', अशा दोन दारांनी माणूस मोजमापाबाहेर जातो, आणि आपला समाज दोन्ही दारांशी उभा आहे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि जुने कायदे त्यांत विलीन झाले. जादा कामाला दुप्पट वेतन हे तत्त्व तेथे टिकले आहे, आणि जादा कामासाठी कामगाराची संमती लागेल असेही म्हटले आहे. पण व्यवस्थापकीय व प्रशासकीय पदावरील माणूस, तसेच महिन्याला १८,००० रुपयांपेक्षा जास्त वेतन घेणारा देखरेख्या, 'कामगार' या व्याख्येबाहेर आहे. दुकाने-कचेऱ्यांसाठी महाराष्ट्रात २०१७ चा कायदा आहे. १० कामगारांच्या आस्थापनेपासून तो लागू होता. २०२५ च्या बदलाने ती संख्या २० झाली, दिवसाचे तास नऊवरून दहा झाले आणि तिमाहीतील जादा कामाची मर्यादा १२५ तासांवरून १४४ तासांवर गेली. जे तास उतरवायला १८८४ पासून साठ-बासष्ट वर्षे लागली, ते तास चढायला एक दुरुस्ती पुरते.

५

राज्यघटनेच्या २३ व्या कलमाने वेठबिगारीला बंदी घातली. त्या कलमामागे खोताची वेठ आहे, महारकी आहे, कुडपणची वाट आहे. १९८२ मध्ये आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात न्यायमूर्ती भगवती यांनी सांगितले की पोटाच्या सक्तीमुळे किमान वेतनाहून कमी दामावर केलेले काम हीदेखील वेठच होय. २०२० मध्ये करोनाच्या साथीचे निमित्त करून गुजरात सरकारने कारखान्यांत बारा तासांचा दिवस आणि जादा कामाला साध्याच दराने वेतन असा आदेश काढला. सर्वोच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २०२० रोजी तो रद्द केला आणि कामगारांना जादा कामाचे वेतन देण्यास सांगितले. त्या निकालातही २३ व्या कलमाचा आधार आहे. म्हणजे दुप्पट वेतनाचा प्रश्न आणि वेठीचा प्रश्न एकाच घराचे आहेत, हे आता न्यायालयानेही मान्य केले आहे.

आपल्या चळवळीने नोकऱ्या मागितल्या, राखीव जागा मागितल्या. ते आवश्यकच होते आणि आहे. पण नोकरी मिळाल्यावर त्या नोकरीच्या आत आपला दिवस कोणाच्या मालकीचा आहे, हा प्रश्न आपण फारसा विचारला नाही. कंत्राटी नोकऱ्यांच्या या काळात तो अधिकच विचारला पाहिजे. म्हणून तरुण वाचकांना माझे साधे सांगणे आहे. नेमणूकपत्र वाचा. हुद्द्याच्या नावापेक्षा कामाची यादी पाहा. आलेल्या-गेलेल्या वेळेची स्वतःची वही ठेवा; मालकाचे मस्टर ही साक्ष नव्हे, तुमची वही ही साक्ष आहे. आणि तास मोजण्याची लाज बाळगू नका. तास मोजणारा माणूस कामचुकार नसतो; आपले काम विकतो पण स्वतःला विकत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

मी ती वही फार उशिरा सुरू केली. आज्याला तर लिहिताच येत नव्हते. त्याच्या कुडपणच्या खेपांची नोंद कोणत्याही दप्तरात नाही. ती फक्त आजीच्या बोलण्यात उरली. आपल्या नातवंडांना आपल्या कामाचा इतिहास म्हणींतून शोधावा लागू नये, एवढे तरी आपण करू शकतो.